रंगाची फ्रेम, गंजाची फ्रेम

कोण्या एका गावी एका सायकलीत साखळीबाई आणि तिची दोन जुळी चाकं राहत होती. एक दिवस सायकलीची फ्रेम मोडली, म्हणजे त्यांचं घरच बसलं. मालकीण तुळसाक्का कुंभारणीनं सगळ्यांना पोत्यात घालून भंगाराचं दुकान गाठलं.

"परवडणारी फ्रेम मिळाली तर बरं, नाहीतर हे पोतंही वजनावर घे," ती दुकानदाराला म्हणाली. साखळीबाईच्या कड्याकड्यात धडकी भरली. लेकरं आता कुणाच्या दारी जातील?

परवडण्याजोग्या फ्रेमा दोनच होत्या, एक लालचुटूक आणि दुसरी गंजलेली.

"आई, लाल! लाल!" चाकं ओरडली.

"गप्प बसा रे! रंगाखाली भेग असली तर पुन्हा रस्त्यावर याल."

"जा मग त्या गंजकीकडे नांदायला!" लाल फ्रेम फणकारली.

तेवढ्यात तुळसाक्कानं लाल फ्रेम उचललीच. साखळीबाईला राहवेना. तिनं तुळसाक्काच्या खांद्यावरच्या पोत्याच्या भोकातून अंग सोडलं आणि ती थेट लाल फ्रेमवर आदळली. आवाज आला, बद्द!

तुळसाक्का थबकली. "अगं बाई, ही तर तडकल्या मडक्यागत वाजतेय!" तिनं गंजकीवर टिचकी मारली. ती खणखणली.

"या गं माझ्या घरी," गंजकी हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून साखळीबाई आणि तिची जुळी एकाच घरी सुखानं नांदली.