भिवाई आणि गोड मातीची खाण

फार फार वर्षांमागची गोष्ट. आंबेखोऱ्यात तेव्हा धुकं पार दुपारपर्यंत रेंगाळायचं, आणि डोंगराच्या पोटात निळसर मातीची खाण होती. ती माती म्हणे चवीला गोड. गर्भारणीला मातीचे डोहाळे लागले की ती भिवाई कुंभारणीकडे यायची आणि भिवाई कौतुकाने तिच्या ओटीत खडा घालायची. देवीचा प्रसादच तो, असं सगळे म्हणत.

त्या गावात कितीतरी बाळं आत वळलेली पावलं घेऊन जन्मायची. पोटुशीने ग्रहणात काही चिरलं की असं होतं, ही सगळ्यांची समजूत. "गिऱ्हानात इळी धरली असंल हिनं," बायका कुजबुजायच्या. आई बिचारी खाली मान घालायची. धरली नसली तरी तिला वाटायचं, झोपेत धरली असेल.

भिवाईची लेक सखू सासरी होती. तिचे डोहाळे पुरवायला भिवाईनेच मातीचं गाठोडं धाडलं होतं. सखूलाही तशीच मुलगी झाली. भारी गोड पोर! पण सखूला पुन्हा दिवस गेले तेव्हा सासूने तिला माहेरी आणून सोडलं. म्हणाली, "हेबी तसंच झालं, तर हिला हितंच ठिवा."

त्याच दिवसांत भिवाईची शेळी व्याली. गाभण असताना ती सारखी खाणीची भिंत चाटायची. करडाचे पाय आत वळलेले! भिवाई करडू मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हंबरडा फोडत ती पारावर गेली.

"आरं, माज्या शेळीनं कंदी गिऱ्हानात इळी धरली रं? लेकीला मीच इख चारलं!"

गावाने तिला वेड्यात काढलं. सखूसुद्धा मातीसाठी रडायची, हट्ट करायची. मग भिवाई जाऊन खाणीच्या तोंडाशीच बसली. ऊन गेलं, पाऊस गेला, ती हलली नाही. कुणी माती मागायला आली की म्हणायची, "भाकर खा गं बाई, माजी आन हाय तुला." असं म्हणतात, बसल्या जागी तिच्या खांद्यांवर गवत उगवलं आणि पाखरांनी केसांत घरटी केली.

सखू बाळंत झाली. बाळाची पावलं सरळ होती. सांगायला माणसं धावली, तर तिथे खाण नाही आणि भिवाईही नाही. नुसती हिरवी टेकडी, आणि वाकड्या पायांचं करडू तिच्यावर चरत होतं. असं म्हणतात, डोंगराने तिला मिठीत घेतलं.

आजही सातव्या महिन्यात गर्भारीण त्या टेकडीवर आपल्या शेतातली मूठभर माती टाकते आणि म्हणते, "डोहाळे तुला, बाळ मला." तरीही एखादं बाळ वेगळं जन्मलंच, तर गाव विहिरीचं पाणी बघतं, माती बघतं, चुलीतला धूर बघतं. तू काय केलंस, असं त्याच्या आईला मात्र आंबेखोऱ्यात कुणीही विचारत नाही.