उरलेली पिठीसाखर

"मग दोष तुमच्या भट्टीचाच म्हणायचा की नाही, चाचा?"

कालिंदीकाकूंनी पत्र्याचा ट्रे गुलाबचाचांपुढे आदळला. दिवाळीआधी अख्खी गल्ली घरून गोळे वळून नानकटाई भाजायला चाचांच्या बेकरीत आणते. बाकीच्यांची छान फुगली होती. काकूंची तेवढी पसरून एकमेकींच्या गळ्यात पडली होती.

संध्याकाळी नवी विहीणबाई पहिल्यांदाच फराळाला येणार. तिला काकूंनी फोनवर ठणकावून सांगितलेलं, तुमची नानकटाई दगडासारखी असते, आमच्याकडची खाऊन बघा. आता कुठल्या तोंडानं ताट पुढं करायचं?

म्हाताऱ्या चाचांनी तुकडा मोडून तोंडात टाकला.

"गोड आहे."

"असणारच. मी हात आखडत नाही."

"वाटी भरून दाखवा."

दुसऱ्या घाण्याचं सामान काकूंनी आणलंच होतं. त्यांनी डब्यातल्या पिठीसाखरेत वाटी खुपसली, अंगठ्यानं दाबली, टेबलावर आपटली, वर आणखी घालून पुन्हा दाबली.

"भरली?"

"गच्च."

चाचांनी वाटी चाळणीत उपडी केली. साखर मुदीसारखी उभीच राहिली. ते चाळणीला टिचक्या मारत बसले... कागदावर साखर भुरभुरत राहिली. मग चमच्यानं अलगद वाटीत सोडली, वरून सुरी फिरवली.

वाटी भरली. कागदावर ढीग उरला.

"अगंबाई, ही कुठली?"

"तुमच्याच वाटीतली. ही जास्तीची साखरच नानकटाईला पसरवते."

काकूंचा हात सवयीनं वाटी आपटायला गेला. चाचांनी मध्ये तळवा धरला...

काकूंनी हात मागं घेतला.

त्या वाटीनं पीठ मळलं, गोळे वळले, ट्रे भट्टीत गेला. भट्टीच्या दारापासून काकू हलल्याच नाहीत. ट्रे बाहेर आला तेव्हा नानकटाई गोल गोल, गालावर तडे पडून हसत बसलेली. काकूही हसल्या. पहिली चाचांच्या हातावर ठेवली आणि मघाशी भट्टीला बोलले ते मनावर घेऊ नका, असं हळूच म्हणाल्या.

जाताना त्यांची नजर कागदावर गेली.

"एवढी साखर उरली, चाचा. विहीणबाईंना फिकी तर लागणार नाही ना?"

चाचांनी कागदाची पुडी बांधली आणि काकूंच्या पिशवीत टाकली.

"लागली, तर ही त्यांच्याशी बोलताना वापरा."