माझं एक अजून यायचंय

एका माळरानावर एका मेंढपाळाचा कळप उतरला होता आणि त्याची राखण एक कुत्रा करीत असे. तो मोठा इमानी म्हणून प्रसिद्ध होता आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होते. एका संध्याकाळी मेंढपाळ पाण्याला गेला असताना गावातल्या लग्नघराकडून हाडकांचा वास आला. "हा गेलो नि हा आलो," म्हणत कुत्रा तिकडे पळाला. मुलांनो, चूक करायला निघालेला प्रत्येक जण असेच म्हणतो. तो परतला तेव्हा लांडगा एका मेंढीचे एकुलते एक कोकरू तोंडात धरून चालला होता. कुत्र्याने झडप घातली. लांडग्याने त्याचा पाय फाडला, आणि कोकरू गेले ते गेलेच.

कुत्रा पुन्हा कळपाकडे फिरकला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? ओढ्यापलीकडच्या बोरीच्या जाळीत तो पडून राहिला. जखम चिघळली, पोट पाठीला लागले, पण सगळ्यांत वाईट होता तो एकटेपणा. वाऱ्याबरोबर त्या मेंढीचे ओरडणे ऐकू येई, तेव्हा तो पंजांत तोंड खुपसून घेई. रोज संध्याकाळी मेंढपाळ ओढ्याच्या काठी येऊन शीळ घाली. कुत्र्याची शेपटी आपोआप हले आणि तो तिला अंगाखाली दाबून धरी.

"जाऊ नकोस हो," शेजारचा कोल्हा काळजीच्या सुरात सांगे. "तुला फोडून काढायलाच बोलावतोय तो. आणि तुझ्यावाचून त्यांचं काही अडलंय का? बघ, मेंढ्या कशा मान खाली घालून निवांत चरताहेत." राखणदार नसलेला कळप कोल्ह्याला किती आवडतो, हे तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याला मात्र ते पटले. अपराधी मनाला वाईट बातमी लगेच खरी वाटते. "उद्या-परवा ते पुढच्या माळाला जातील आणि मी इथेच मरेन," तो स्वतःशी म्हणाला. "माझ्यासारख्याला तेच योग्य."

एका सकाळी ओढा ओलांडून कोणीतरी जाळीपाशी आले. पाहतो तर तीच मेंढी! तिची हाडे दिसत होती. कुत्रा म्हणाला, "मावशी, मला शाप द्यायला आलीस?"

"गवत शोधायला आले," मेंढी म्हणाली. "पलीकडे काडी उरलेली नाही. आम्ही नुसती माती हुंगतोय."

"मग पुढच्या माळाला का जात नाही?"

मेंढी म्हणाली, "धनी हलत नाही. बाकीचे मेंढपाळ केव्हाच गेले. हा म्हणतो, माझं एक अजून यायचंय."

"पण मावशी, कोकरू तर..."

"कोकरू गेलं, हे त्यालाही ठाऊक आहे. माझ्याजवळ बसून रडला तो. आता थांबलाय तो तुझ्यासाठी, करंट्या!"

कुत्र्याला रडू कोसळले. पुष्कळ वेळाने त्याने विचारले, "आणि तू? तू मला क्षमा केलीस?"

"अजून पुरती नाही. रोज थोडी थोडी करतेय," मेंढी म्हणाली. "पण तू इथे कुजून माझं लेकरू परत येणार आहे का? चल." आणि ती पुढे चालू लागली, लंगड्यालाही जमेल इतकी हळू.

मेंढपाळाने दुरूनच पाहिले आणि तो धावत आला. त्याने कुत्र्याला दोन्ही हातांनी उचलून घेतले. "आलास व्हय रं? लई वाट बघाय लावलीस," एवढेच तो म्हणाला. त्याने जखम धुऊन हळद-तेल लावले, आणि त्याच दिवशी कळपाने तो माळ सोडला. कुत्र्याचा पाय पुढेही अधूच राहिला. कोकराच्या आठवणीने मेंढी अधूनमधून ओरडे. तेव्हा कुत्रा जाऊन तिच्याजवळ बसे. आणि मेंढपाळ त्यांच्यापासून फार दूर जात नसे.

तात्पर्य : पाप घडले म्हणून प्रभूपासून लपून बसू नये; तो आपल्याला घेतल्यावाचून पुढे जात नाही. दुःख सोसायचेच आहे, तर ते त्याच्याजवळ राहून सोसावे.