चोरखुड्याचा गडगा

हा गडगा बघा. दोन घरांच्या मधला, जांभ्या दगडांचा, मातीचं बोटही न लावता रचलेला. अख्खा धड आहे, फक्त मधे ही एवढी खिंड. दोन दगड मावतील एवढीच. दरवर्षी आम्ही गडगा नीट करतो, पण इथे दगड ठेवत नाही. आणि हा वर चढलेला लाल भोपळ्याचा वेल. पलीकडच्या घराने लावायचा, अलीकडच्या घराने खुडायचा. चोरून. याला आमच्याकडे चोरखुडा म्हणतात. का ते सांगतो, टेका जरा. दगड ओला आहे, गोणपाट घ्या.

फार मागची गोष्ट. दोघे भाऊ वेगळे झाले आणि त्यांनी मधे हा गडगा घातला. भावांचं पुढे काही नाही, ते आपापल्या बागेत रमले. राहिल्या दोघी जावा. थोरली द्वारकी, धाकटी आवडी. द्वारकीला एक मुलगी, पुतळी नावाची. आवडीला मूलबाळ नव्हतं. पण आवडीच्या हाताला गुण होता, असं सांगतात. तिने शेणाच्या ढिगावर बी टोचलं की वेल धावायचा. द्वारकीने तेच बी तशाच ढिगावर लावलं, तर वेल वीतभर व्हायचा आणि पिवळा पडायचा.

वेलाचं एक वेळ द्वारकीने गिळलं असतं. तिचं खरं दुखणं वेगळं होतं. पुतळी रातांधळी होती. दिवसा शेळ्या घेऊन सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर जायची, पण दिवेलागण झाली की तिला पाऊलवाट दिसेना. आवडी सड्यावर गवत कापायला असायची. ती भारा डोक्यावर घ्यायची, एका हाताने पुतळीला धरायची आणि खाली आणायची. रोज. द्वारकी चुलीपुढून उठून दारात यायची, तर पोरगी दुसरीच्या हाताला लगडून, हसत, गोष्टी सांगत येताना दिसायची.

"पोचवलीस? आता हात सोड की," द्वारकी म्हणायची.

"धोंड्याला ठेचकाळेल गो, उंबऱ्यापर्यंत येऊ दे," आवडी म्हणायची, आणि उंबऱ्यापर्यंत हात सोडायची नाही.

आता खरं सांगायचं तर आवडीही काही साधी नव्हती. तिला ती मुलगी आपली वाटायची. त्या वाटेपुरती तरी.

श्रावणात आवडीचा वेल गडग्यावर चढला आणि त्याचे शेंडे द्वारकीच्या अंगणात डोकावू लागले. द्वारकीला वाटलं, माझ्या अंगणात येऊन मलाच वाकुल्या दाखवतोय. आम्ही माडाची माणसं. माडाचा कोंब मोडला की अख्खा माड मरतो, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. द्वारकीने तोच हिशोब वेलाला लावला. शेंडा खुडला की वेल मेला. म्हणून झुंजुमुंजू होताच तिने गडग्यावरून हात घातला आणि सापडले तेवढे शेंडे कोवळ्या पानांसकट खुडले.

पण खुडलेलं टाकायचं कुठे? उकिरड्यावर आवडीला दिसेल. म्हशीपुढे टाकलं तर म्हशीने हुंगलं आणि तोंड फिरवलं, त्या पानांना बारीक कूस, टोचरी लव असते ना. मग द्वारकीने देठांच्या शिरा सोलल्या, पानं मिठात चोळली, चिरली, आणि लसणाच्या फोडणीवर परतून खोबरं घातलं. चोरी पोटात गेली की कोणाला दिसत नाही, असं तिला वाटलं. पुतळीने ताटाला लागलेलं पुसून खाल्लं आणि आणखी मागितलं.

वेल मेला नाही. जिथे शेंडा तोडला तिथे शेजारून दोन फुटले. द्वारकी पुन्हा खुडायची, तो पुन्हा फुटायचा. जेवढा जळफळाट जास्त तेवढी भाजी जास्त. पुतळीच्या ताटात रोज तोच पाला.

आवडीला देठांवर ताजा चीक दिसला. एके सकाळी दगडांच्या सांदीत हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला. तिने ओळखला. दुसऱ्या दिवशी ती झावळ्यांच्या ढिगाआड दबा धरून बसली, मनगट धरायचं आणि सगळी वाडी गोळा करायची म्हणून.

हात आला. आवडी उठणार, तेवढ्यात पलीकडून पुतळीचा आवाज आला.

"आये, काल दिवे लागले तरी मला काकूच्या नाकातली चमकी दिसत होती. वाटही दिसली थोडी. मी काकूला सांगितलं नाही."

"का गो?"

"मग ती हात धरणार नाही."

आवडी तिथेच बसली. घरी रोज पाल्याची भाजी असते, हे पोरीने वाटेवर कधीच सांगून टाकलं होतं. तिला दोन्ही कळलं. या पाल्यानेच पोरीची नजर परत येतेय. आणि नजर आली की हात सुटणार. एक आरोळी ठोकली असती तर चोरी थांबली असती, पाला थांबला असता, आणि पुतळी जन्मभर तिचा हात धरून सड्यावरून उतरली असती. असं तिच्या मनात आलं, म्हणे. बराच वेळ राहिलं.

मग तिने पाठ फिरवली. द्वारकी आत गेल्यावर गडग्याचे दोन दगड उतरवून बाजूला ठेवले.

भाद्रपद लागला. एका संध्याकाळी, लपवायचं विसरून, पुतळी शेळ्यांच्या पुढे धावत एकटीच खाली आली. मागून आवडी, भारा डोक्यावर, मोकळा हात लोंबता. दारातून द्वारकीने पाहिलं आणि तिला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. मग तिची नजर गडग्याकडे गेली. वेलाच्या फुटव्या-फुटव्याला फळ धरलं होतं, आणि मधे खिंड होती.

"दगड कोणी काढले?" तिने विचारलं.

"मी," आवडी म्हणाली. "तुझ्या बांगड्या फुटत होत्या."

 दुसऱ्या दिवशी शेळ्या सोडताना द्वारकीने पुतळीला जवळ घेतलं.

"संध्याकाळी उतरताना डोळे मिटून घे," ती म्हणाली. "काकूचा हात धरून ये. उंबऱ्यापर्यंत."

त्या संध्याकाळी ती दारात उभी होती. पोरीने हात किती घट्ट धरलाय ते बघत होती. मत्सर गेला नव्हता, असं आमचे जुने लोक सांगतात. मत्सर जात नाही. पण ती आत गेली नाही.

आरोग्य केंद्रातल्या ताई म्हणतात, या पाल्यात अ जीवनसत्त्व असतं, लोह असतं, जरा तेलात परतला की अंगी लागतो. असेल. डोळ्यांचं काही झालं तर त्यांच्याकडेच जायचं, हेही त्या सांगतात, ते आम्ही ऐकतो. पण भाजी करतो.

आजही ऋषिपंचमीच्या पहाटे बायका शेजारणीच्या वेलाचे शेंडे चोरून खुडतात. शेजारीण जागी असते, आणि पाठ करून बसते. त्या संध्याकाळी वाडीतली पोरं सड्यावर जातात, आणि दिवेलागणीला डोळे मिटून, शेजारणीचा हात धरून खाली येतात. चांगली धडधाकट नजरेची पोरं. आया दारात उभ्या असतात, तोंडं जरा आंबट करून. आणि उंबरा येईपर्यंत एकही पोर डोळे उघडत नाही.