बिळाच्या तळाचं गाठोडं

माणसांनी नदीला नाव देण्याआधीची गोष्ट. राळी उंदरी डोंगरावरून शिकून नदीकाठच्या बिळात परतली. तिला वाटलं होतं, पुरासाठी घरात काहीच तयारी नसेल. पण काकीनं दाणे, सुकी बोरं, आपल्या पिल्लांसाठी कापूस असं भरगच्च गाठोडं बांधलं होतं. ठेवलं मात्र बिळाच्या तळाशी!

“काकी, पाणी आधी तिथंच शिरेल.”

“अगं शहाणे, मांजराचा पंजा तिथवर पोचत नाही.”

त्याच संध्याकाळी नदी चढली. पिल्लांना तोंडात धरून दोघी बाभळीवर चढल्या, गाठोडं बुडालं. पिल्लं भुकेनं चीं चीं करत राहिली, काकीला त्यांच्याकडे बघवेना.

सकाळी पाणी उतरलं. काकीनं काठावरून नवे दाणे वेचून बांधले आणि सवयीनं बिळाकडे वळली. राळीनं गाठोड्याचं टोक दातांत धरून बाभळीकडे ओढलं.

“अगं, मांजर झाडावरही चढतं!”

“चढू दे की. बाभळीला काटे कशाला आहेत?”