पिंगीच्या वतीने दिलेले वचन

कृतयुग सरत आले होते, पृथ्वी अजून तरुण होती आणि तपस्व्याच्या तोंडून निघालेला शब्द देवांनाही मोडता येत नसे, त्या काळची ही कथा. उत्तरेस, जेथे नद्या वर्षातले आठ मास गोठलेल्या असत, त्या हिमप्रस्थावर राजा शीतकेतू राज्य करीत होता. आणि पश्चिमसमुद्रापलीकडे, धनधान्याने ओसंडणाऱ्या सुवर्णद्वीपावर राजा मणिध्वज. घोरतमस नावाच्या असुराला या दोघांनी मिळून मारले होते. असुर मेला आणि त्याच्याच सरणावर या दोघांचे सख्यही जळाले. असुराचे अग्निबाण घडवणारे कारागीर दोघांनी अर्धे अर्धे वाटून नेले. आणि दोघांच्याही भात्यात त्रैलोक्य जाळणारे अस्त्र आल्यामुळे एकमेकांवर चालून जाण्याची सोय उरली नाही. मग भांडायचे कशावरून? खाली पृथ्वी पुरेना, म्हणून या महाभागांनी वर पाहिले. अंतरिक्षात ज्याचा पराक्रम आधी पोचेल तो चक्रवर्ती, असे ठरले. कोणी ठरवले म्हणाल, तर त्यांनीच.

हिमप्रस्थाचे यंत्रकर्म उल्मुक ऋषींकडे होते. देवदारूंच्या निबिड अरण्यात, जेथे होमधूम आणि हिमधूम यांतला भेद ओळखू येत नसे, तेथे त्यांचा आश्रम होता. त्यांनी अग्निबाणाच्या टोकावर धातूचा एक गोळा बसवून आकाशात सोडला, तो किणकिणत पृथ्वीला प्रदक्षिणा घालू लागला, आणि सुवर्णद्वीपाच्या राजसभेच्या तोंडचे पाणी पळाले. सुवर्णद्वीपाचे स्वतःचे विमान तर चौथऱ्यावरच फुटून भस्म झाले होते.

"महर्षे," शीतकेतू गर्जला, "आता सजीव प्राणी वर गेला पाहिजे! माझ्या राज्याभिषेकाचा वार्षिक उत्सव एका मासावर आला आहे. त्या दिवशी मणिध्वजाने मान वर करून माझा प्रताप पाहावा!"

"राजन्, आरोहणाचा मंत्र मला सिद्ध आहे, अवतरणाचा नाही. वर गेलेल्याला सुखरूप खाली आणायचे, तर मला आणखी दोन वर्षांचे तप हवे."

"आणि तो मणिध्वज दोन वर्षे काय जपमाळ ओढत बसणार आहे?"

राजहट्टापुढे कोणाचे चालले आहे? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! ऋषींनी मान खाली घातली, आणि मला त्यांचा राग येतो तो इथेच. एवढा मोठा ज्ञानी, पण 'नाही' म्हणायची छाती झाली नाही.

विमानासाठी निवडली ती नगरातली एक भटकी कुत्री. जिने उघड्यावर हिवाळे काढले ती काहीही सोसेल, असा त्या विद्वानांचा तर्क. पिंगट रंगाची, म्हणून पिंगी. तिला सांभाळायचे काम ऋजुला नावाच्या तपस्विनीकडे आले. ऋजुलेने बारा वर्षे सत्यव्रत पाळले होते; तिचा शब्द कधी खोटा पडत नसे, आणि म्हणूनच ती फार कमी बोले. पिंगीशी मात्र दिवसभर बोलायची. "अगं बये, बैस ना जरा!" म्हणत तिने पिंगीला आधी खोलीत, मग पेटीत, मग त्याहून लहान पेटीत बसायला शिकवले. 'बैस' म्हटले की पिंगी बसे, आणि 'ये' म्हटल्याशिवाय उठत नसे.

प्रस्थानाचा दिवस उजाडला. आपल्याकडे घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ही रीत त्या काळीही होती. अंतरिक्षाच्या वेशीवर वायुदेव उभा असे, आणि 'येतो' ऐकल्यावाचून तो कोणाला वर सोडीत नसे. वाट मिळाली नाही तर विमान वेशीवरच जळून जाई. मुक्या जिवाच्या वतीने हे कोणी म्हणायचे? ज्याच्या हातून तो जेवतो, त्याने. ऋजुलेने तळहातावर दही घेऊन पुढे धरले. पिंगीने दही चाटले, मग बोटे चाटली, मग रिकामा तळहातही चाटला.

"बैस, पिंगी," ऋजुला म्हणाली. पिंगी आत बसली. सेवकांनी दार लावले आणि खाली अग्नी चेतवला.

"महर्षे, ही परत येईल ना?"

उल्मुकांनी तिच्याकडे पाहिले नाही. "राजा सौधावर येऊन बसला आहे, बाई," ते म्हणाले. "वेळ टळेल."

ऋजुला काय समजायचे ते समजली. बोलले नाही तर पिंगी वेशीवर जळणार. बोलले तर बारा वर्षांचे सत्य पणाला लागणार. माझा शब्द आजवर खोटा पडला नाही, मग हाही पडायचा नाही, असे तिने मनाशी धरले, आणि काळजावर दगड ठेवून वाऱ्याकडे तोंड केले.

"पिंगी येते हो!"

वायूने वाट दिली. दिशा कंपायमान करणारा, पर्वतशिखरांवरचे हिम वितळवणारा प्रचंड घोष झाला, आणि शीतकेतूचे सौध जयजयकाराने दणाणले. उल्मुक मात्र दूरश्रवण यंत्राला कान लावून बसले होते. पहिल्या प्रदक्षिणेत त्यांना धाप ऐकू आली. दुसऱ्या प्रदक्षिणेत पेटी तापली आणि धाप वाढली. तिसऱ्या प्रदक्षिणेत दारावर नखे ओरबाडल्याचा आवाज आला. चौथ्या प्रदक्षिणेत काहीच ऐकू आले नाही. नगरात मात्र पुढे सात दिवस दवंडी फिरत होती, की पिंगी सुखरूप आहे आणि महाराजांना आशीर्वाद देते आहे. काय ही लाज सोडलेली माणसे!

प्रस्थानाच्याच संध्याकाळी आश्रमाच्या अंगणात स्वतः चंद्र उतरला.

"तपस्विनी, तू मला पेचात टाकलेस," तो म्हणाला. "पिंगीचा प्राण गेला, पण तुझा शब्द खोटा पाडणे देवांच्या हाती नाही. आणि उतरण्याची वाट तर कोणी बांधलेलीच नाही. तोवर ती माझ्या अंगणात बसेल. परतीची वाट जाणणारे विमान एक दिवस माझ्या दारी येईल. त्यातल्या कोणी तिला 'ये' म्हटले, की ती घरी येईल. आणि ती येईपर्यंत तुला मृत्यू नाही."

"हा वर समजू की शाप, देवा?"

"मलाही ठाऊक नाही," असे म्हणून चंद्र निघून गेला.

दोन वर्षांनी अवतरणाचा मंत्र दोन्ही राज्यांना साधला. माणसे वर गेली, खाली आली, हारतुरे झाले. पिंगीला परत आणण्याचे नाव कोणी काढले नाही. आणि चंद्रापर्यंत आधी पोचला तो मणिध्वजाचा वीर धृतिमान. त्याने तिथल्या निःशब्द धुळीत सुवर्णद्वीपाचा ध्वज रोवला, राजाज्ञेप्रमाणे चंद्रशिळांच्या पेट्या भरल्या आणि तो विमानाकडे वळला. पायरीपाशी एक पिंगट कुत्री बसली होती. तिला सावली नव्हती. तिचे शेपूट धुळीवर आपटत होते आणि आवाज होत नव्हता. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

धृतिमानाने तिला ओळखले. तिचे चित्र दोन्ही राज्यांत लहान मुलांनाही ठाऊक होते. तिला घ्यायचे, तर शिळांची एक पेटी टाकावी लागली असती. आणि खाली जाऊन सांगायचे काय? की चंद्रावर आमच्याआधी शत्रूची कुत्री बसली होती? पायरीवर एक पाय ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने शेवटची पेटी आत घेतली आणि दार लावले. विमान उडाले तेव्हाही ती बसलेलीच होती.

परतल्यावर त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली. वर काय पाहिलेत, असे विचारले की तो म्हणे, धूळ. पुढे आयुष्यभर घराबाहेर पडताना त्याच्या तोंडून 'येतो' निघाले नाही. बायको दह्याची वाटी घेऊन उभी राही आणि तो उंबऱ्यात नुसता थांबे.

शीतकेतू गेला, मणिध्वज गेला, त्यांची सिंहासनेही गेली. ऋजुला मात्र अजून आहे. चंद्र दिसेल त्या प्रत्येक संध्याकाळी ती अंगणात येते, तळहातावर दही घेते, हात वर धरते आणि हाक मारते, "ये, पिंगी, ये गं!" मधे वाराच नाही, त्यामुळे हाक वर पोचत नाही. गावातल्या कुत्र्यांना मात्र ती ऐकू येते, आणि तीच हाक वर पोचवायला ती चंद्राकडे तोंड करून रडू लागतात. आपण त्यांना दगड मारतो.

मग चंद्र ढगाआड जातो. ऋजुला हात धुते, आत जाते आणि उद्यासाठी दुधाला विरजण लावते.