सुतारपक्ष्याचा बिनतारखी अर्ज

विषय : मानपत्र लिहिल्याबद्दल सुतारपक्ष्यास चार द्रोण अळ्या मिळण्याबाबत.
संदर्भ : सुतारपक्ष्याचा अर्ज. तारीख घातलेली नाही.

बालमित्रांनो, वरील विषयाची हकिकत अशी. सागाच्या एका जंगलात, वठलेल्या ऐनाच्या ढोलीत एक सुतारपक्षी एकटाच राही. सालीवर अक्षरे कोरण्याची विद्या साऱ्या जंगलात फक्त त्याच्यापाशी होती. कोणाला अर्ज हवा असे, कोणाला तक्रार, कोणाला लग्नपत्रिका. सगळे त्याच्याकडे येत आणि काम झाले की निघून जात. लिहायला साल स्वच्छ लागते आणि स्वच्छ सालीत अळी नसते. त्यामुळे इतर सुतारपक्षी दिवसभर चोच मारून पोट भरत आणि हा दिवसभर चोच मारून उपाशी झोपे. जंगलात याला कलेवरील निष्ठा म्हणत.

एकदा सिंहाच्या कारकिर्दीला दहा वर्षे पुरी होत होती. दरबारचा चिटणीस कोल्हा स्वतः ऐनाखाली आला.

"मानपत्र लिहावं तर तुम्हीच," कोल्हा म्हणाला. "पाच साली भरून मजकूर हवा. महाराजांचा पराक्रम, न्याय, आयाळ, सगळं आलं पाहिजे."

"लिहितो की. पण ते..." सुतारपक्षी घुटमळला.

"ते काय?"

मोबदल्याचे विचारायचे होते. पण समोर एवढा मोठा अधिकारी. "दयाळूपणाबद्दल काही लिहायचं का, एवढंच विचारत होतो," तो म्हणाला.

"अर्धी ओळ लिहा," कोल्हा म्हणाला. "सभेला हरणंही असतील."

त्याच पंधरवड्यात ऊन तापले आणि अळ्या लाकडात खोल गेल्या. दरसालप्रमाणे बाकीचे सुतारपक्षी दरीपलीकडच्या नदीकाठी निघाले. थोरला भाऊ त्याला न्यायला आला.

"चल रे. दरी रुंद आहे. आत्ता अंगात बळ आहे तोवर उडालास तर पोचशील."

"मानपत्र तेवढं पुरं करतो, दादा. दरबार चार द्रोण तरी देईल. दोन दिवस पोटभर खातो आणि येतोच मागोमाग."

"चार द्रोण ठरलेत?"

"ठरवायचं काय त्यात? दरबार आहे तो!"

 भाऊ उडून गेला. संध्याकाळपर्यंत आसपासच्या झाडांवरची टकटक थांबली आणि नऊ दिवस एकच टकटक चालू राहिली.

समारंभ उत्तम झाला. मानपत्र कोल्ह्याने वाचले. सिंहाचे डोळे पाणावले, आणि ते पाहून इतरांनीही लगेच आपापले पाणावून घेतले. शेवटी 'लेखनसाहाय्य' म्हणून सुतारपक्ष्याला पळसाच्या पानांची शाल पांघरली. शाल एवढी मोठी होती की तिच्याखाली तो दिसेनासा झाला. टाळ्या वाजल्या त्या शालीला. तो बाहेर येईपर्यंत सभा संपली होती.

चार दिवस वाट पाहून तो दरबारात गेला. "अर्ज करा," कोल्हा म्हणाला. "आमच्या घूसबाई कोठी सांभाळतात, त्या बघतील." त्याने घरी येऊन अर्ज कोरला आणि नेऊन दिला. त्यानंतर महिना गेला. ढोलीच्या तोंडाशी बसून तो रोज दरबाराच्या वाटेकडे पाही. त्याच वाटेने एके दिवशी, त्याच्याकडून अर्ज लिहून घेतलेली खार धावत आली.

"काका, काम झालं! माझं घरटं मला परत मिळालं! बरोब्बर आठव्या दिवशी!" तिने मूठभर चारोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. सुतारपक्षी चारोळ्या खात नसे, पण "कशाला, कशाला" म्हणत त्याने ठेवून घेतल्या.

"काय लिहिलं होतंत हो तुम्ही! 'आठ दिवसांत निकाल न लागल्यास अर्जदार पाच पिलांसह दरबाराच्या पायरीवर बिऱ्हाड करील.' घूस नुसती लटपटली. आणि तुमचं? मिळाले द्रोण?"

"व्हायचंय अजून."

"अर्जात काय लिहिलंत?"

सुतारपक्ष्याने मान खाली घालून पाठ म्हणून दाखवले, "आपल्या कृपेने सर्व ठीक आहे. कामाच्या गडबडीत आठवण देणे बरे दिसत नाही. जे योग्य वाटेल ते, सवडीने द्यावे. घाई नाही."

"उठा, आणि आधी घुशीला जाऊन विचारा," खार म्हणाली. 

तो उठून घुशीकडे गेला. तिने त्याचा अर्ज तळातून काढून दाखवला. "हा काय, व्यवस्थित आहे! घाई नाही असं तुम्हीच कळवलंत, म्हणून घाई नसलेल्यांत ठेवलाय. रक्कम लिहिली नाहीत, तारीख नाही. मी काय, मनानं लिहू?"

"पण आता मला घाई आहे, घूसबाई. दरी ओलांडायची आहे."

"मग तसा अर्ज करा ना, बाबा."

तो परत आला तेव्हा खार त्याच्या ढोलीपाशी थांबली होती. ती म्हणाली, "असं समजा, दुसराच कोणी सुतारपक्षी अर्ज लिहून घ्यायला आलाय. गरीब आहे, एकटा आहे, बोलायला भितो. लिहा त्याचं!"

त्याने लिहिले. चार द्रोण, आठ दिवसांची मुदत, नऊ दिवसांचे काम, सगळे एकेका ओळीत. इतका खणखणीत अर्ज त्याने आजवर कोणाला लिहून दिला नव्हता. खारीने तो वाचून मान डोलावली आणि ती घरी गेली, कारण तिची पिले वाट पाहत होती. अर्ज तो स्वतःच देऊन आला.

त्या आठ दिवसांतल्या एका सकाळी त्याने दरी ओलांडून पाहिली. तो अर्ध्यातून परत आला. त्यानंतर तो ऐनावरच असतो. पलीकडून वारा आला की टकटक ऐकू येते. हा इकडून वठलेल्या खोडावर दोनदा टकटक करतो. एवढ्या लांब ती पोचत नसावी.

आठ दिवस होऊन गेले. पहिल्या अर्जात घाई नाही आणि दुसऱ्यात आहे, तेव्हा दोहोंपैकी खरे कोणते धरावे, याबाबत अर्जदाराकडून खुलासा मागवावा किंवा कसे, यावर घूसबाईंनी चिटणिसांचे मत मागितले आहे. चिटणीस दौऱ्यावर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : किती आणि कधी, हे कामाला चोच लावण्यापूर्वी विचारावे, आणि दुसऱ्यासाठी जितके ठणकावून मागता येते, निदान त्याच्या निम्मे तरी स्वतःसाठी मागावे.